पायऱ्या किती, उतार केवढा, चाकाखाली काय?

यावेळी प्रश्न मागवले होते व्हीलचेअरवरच्या प्रवासाबद्दल. मला वाटलं होतं विमानतळ, हॉटेलं, क्रूझ असं काहीतरी येईल, पण जवळजवळ सगळ्यांना जायचंय ते जुन्या शहरांत आणि पडक्या अवशेषांत, म्हणजे रोम, अथेन्स, पाँपेई, पेट्रा. वाचून फार बरं वाटलं. पत्रं लांबलचक होती म्हणून प्रश्न थोडक्यात घेतलेत आणि नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, माझी आई ७६ वर्षांची आहे. घरात काठी घेऊन चालते पण बाहेर दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही, म्हणून व्हीलचेअर घेतली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला तिने. अ‍ॅक्रोपोलिस आणि कोलोसियम बघायची फार इच्छा आहे, पण नातेवाईक म्हणतात एवढा खर्च करून शेवटी खालूनच बघावं लागणार, कशाला नेतेस. तिला खरंच काही दिसेल का?

दिसेल. आणि खालून नाही, वर जाऊन दिसेल.

अथेन्सचं आधी सांगते. अ‍ॅक्रोपोलिस म्हणजे उभा खडक, हे खरं. पण २००४ साली तिथे पॅरालिम्पिक झालं तेव्हा पहिल्यांदा व्हीलचेअरसाठी लिफ्ट बसवली, ती पुढे फार कटकटीची झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये टेकडीच्या उत्तर अंगाला नवीन लिफ्ट सुरू झाली. त्याच सुमाराला वर खडकावर काँक्रीटच्या वाटाही केल्या, त्यामुळे लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पार्थेनॉन या मुख्य देवळापर्यंत खुर्ची ढकलत नेता येते. पार्थेनॉनच्या आत तर चालणाऱ्यांनाही सोडत नाहीत, म्हणजे तुमच्या आईला तिथे इतरांपेक्षा कमी काही दिसणार नाहीये, हे त्या नातेवाईकांना जरूर सांगा. एकच लक्षात ठेवा, हवा खराब असली, जोराचा वारा सुटला की लिफ्ट बंद ठेवतात. म्हणून अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिस शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्या दिवशी ठेवा, म्हणजे नाही जमलं तर दुसरा दिवस हातात राहतो. आणि सकाळी निघायच्या आधी फोन करून विचारा की लिफ्ट आज चालू आहे का. ‘लिफ्ट आहे का’ असं नाही, ‘आज चालू आहे का’ असं.

उन्हाळ्यात मात्र नको. जुलै-ऑगस्टमध्ये वर सावली नावाला नाही, आणि गेल्या काही वर्षांत उष्णतेच्या लाटेत त्यांनी दुपारी अ‍ॅक्रोपोलिस चक्क बंद ठेवलं होतं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. खाली २००९ साली उघडलेलं अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम आहे तिथे सगळीकडे लिफ्ट, रॅम्प, आणि काही ठिकाणी पायाखालची जमीन काचेची आहे, खाली उत्खननात सापडलेली जुनी वस्ती दिसते. इतिहास शिकवलेल्या बाईंना तिथे अर्धा दिवस पुरणार नाही, जास्त ठेवा. मेट्रो स्टेशन तिथेच आहे आणि त्याला लिफ्ट आहे.

आता रोम. कोलोसियमला आत वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, आणि अपंगत्व असलेल्या पर्यटकाला आणि एका सोबत्याला तिकीट नाही. सर्टिफिकेट सोबत ठेवा, त्याचं इंग्रजी भाषांतर असेल तर आणखी चांगलं. फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) मात्र जड जातं. तिथली व्हिया साक्रा, म्हणजे प्राचीन मिरवणुकीचा रस्ता, मोठमोठ्या काळ्या दगडांचा आहे आणि दोन दगडांमध्ये चाक अडकेल एवढ्या फटी आहेत. तिथे आईला खुर्चीत बसवून तासभर हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा मी म्हणेन कॅपिटोलिन टेकडीवर टॅक्सीने जा, तिथून मागच्या बाजूने अख्खं फोरम खाली पसरलेलं दिसतं, कुठलं देऊळ कुठे होतं ते बोट दाखवून सांगता येतं. शिकवणाऱ्या माणसाला तो नजारा जास्त आवडेल असं मला वाटतं.

आणि पँथिऑन हे घुमटाचं प्राचीन देऊळ सोडू नका. आत जायला रॅम्प आहे, आतली जमीन संगमरवराची, आणि वर घुमटाच्या मधोमध जवळजवळ ९ मीटर रुंदीचं उघडं भोक, ज्यातून ऊनही येतं आणि पाऊसही. ते बघायला सगळ्यांनाच मान वर करावी लागते, उभं असो की बसलेलं.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, अपघातात मणक्याला इजा (टी-४, म्हणजे छातीच्या भागातला चौथा मणका), स्वतःची मॅन्युअल चेअर वापरतो, हात मजबूत आहेत. पाँपेईला जायचंय. व्हिडिओ बघितले तर रस्ते बघून धडकीच भरली. जमेल का आणि चेअरमध्ये काही बदल करावा का?

जमेल, पण कुठल्या गेटने शिरता यावर सगळं आहे.

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या या रोमन शहराचे रस्ते लाव्हाच्या दगडांचे, त्यावर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, दोन्ही बाजूंचे फुटपाथ उंच, आणि मध्येमध्ये रस्ता ओलांडायला ठेवलेले मोठे दगड. तुम्ही व्हिडिओत बघितलंत ते हेच, आणि हे खरंच चेअरसाठी अशक्य आहे. पण डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी तीन किलोमीटरहून लांब असा एक मार्ग उघडला, ‘पाँपेई सगळ्यांसाठी’ अशा अर्थाचं नाव आहे त्याचं, आणि तो अँफिथिएटरच्या बाजूच्या गेटपासून सुरू होऊन व्हिया देल्लाबोंदान्झा या मुख्य रस्त्याने फोरमपर्यंत जातो. बहुतेक टूरवाले स्टेशनजवळच्या पोर्ता मरीना गेटवर सोडतात आणि तिथून सुरुवातच चढाने होते. त्यामुळे टॅक्सीवाला असो की टूरवाला, त्याला नकाशावर बोट ठेवून अँफिथिएटरचं गेट दाखवा. सुरुवातीलाच ते अँफिथिएटर बघायला मिळतं, इसवी सनापूर्वी ७० च्या आसपासचं, दगडी रोमन अँफिथिएटरांमधलं आज टिकलेलं सगळ्यात जुनं. तीन किलोमीटर म्हणजे सगळीकडे गुळगुळीत असं समजू नका, काही ठिकाणी चढ आहे, काही ठिकाणी खडी आहे, एक माणूस सोबत हवाच.

चेअरबद्दल. त्रास मागच्या मोठ्या चाकांचा नसतो, पुढच्या छोट्या चाकांचा असतो. ती फटीत जातात, चेअर जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून फूटरेस्टला पुढे लावायचं एक मोठं तिसरं चाक मिळतं, ते लावलं की छोटी चाकं हवेत उचलली जातात आणि खडी, गवत, फरसबंदी यावरून चेअर चालते. तुमची फ्रेम रिजिड आहे की फोल्डिंग ते बघून घ्या कारण क्लॅम्प वेगळा लागतो, आणि ते निघायच्या आधी महिनाभर तरी वापरून बघा, कारण चेअर लांब होते आणि वळायला जागा जास्त लागते. पुढची चाकं बदलायची असतील तर जरा रुंद आणि मऊ रबराची घ्या. मागच्या टायरमध्ये हवा असेल तर धक्के कमी बसतात पण पंक्चर होतं, तेव्हा ट्यूब, छोटा पंप आणि पाने सोबत हवेतच. सीटबेल्ट लावा, ऐटीत बसायची जागा नाहीये ती.

आता जास्त महत्त्वाचं. टी-४ म्हणजे इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही आणि शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. पाँपेईत सावली फार कमी. पाण्याचा स्प्रे, ओला रुमाल मानेवर, आणि सकाळी गेट उघडतानाच आत शिरायचं. दगडांवरच्या हादऱ्यांनी स्पॅझम (स्नायूंचे झटके) वाढू शकतात, त्या दिवशी त्वचा नीट बघा, दर पंधरा-वीस मिनिटांनी वजन उचलून बसा, ट्रिपच्या नादात हे विसरायला होतं. आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्यावर घाम, छातीच्या वर लाली, तर ते ऊन लागलंय असं समजून आडवं होऊ नका. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना लघवीची पिशवी भरली, कॅथेटरची नळी दुमडली, बूट घट्ट झाला एवढ्यानेही बीपी एकदम चढू शकतं. सरळ ताठ बसायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, नळी तपासायची, आणि उतरलं नाही तर ताबडतोब वैद्यकीय मदत. हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं असेलच, पण सोबत येणाऱ्या मित्राला सांगितलंय का? त्याला सांगा, आणि इटालियनमध्ये एका कागदावर लिहून खिशात ठेवा.

एखाद दिवस नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाला द्या. पाँपेईतली उत्तम मोझेक तिथे आणून ठेवलीत, अलेक्झांडरच्या लढाईचं ते प्रसिद्ध मोझेकसुद्धा.

प्रश्न : बाबांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर आहे, लिथियम बॅटरीची. एक जण म्हणतो विमानात नेताच येत नाही, एक जण म्हणतो काही प्रॉब्लेम नाही. नक्की काय?

दोघांचंही अर्धं बरोबर. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, त्यांचा गुणाकार करा, तो आला वॉट-अवर. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर असेल तर २८८. घडीची चेअर असेल आणि बॅटरी काढता येत असेल तर एक बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते, किंवा दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. काढलेली बॅटरी केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची, टोकांवर टेप लावून, पिशवीत घालून, ती सामानात टाकायची नाही. बॅटरी चेअरमध्येच पक्की बसवलेली आणि नीट झाकलेली असेल तर तिला ३०० ची ही मर्यादा नाही, पण एअरलाइनची परवानगी दोन्ही बाबतींत आधी घ्यावीच लागते, ती लेखी घ्या आणि प्रिंट जवळ ठेवा कारण चेक-इनच्या काउंटरवर असलेल्या माणसाला नियम माहीत असेलच असं नाही. चेअरची उंची पण विचारतात, लहान विमानांचा कार्गोचा दरवाजा बुटका असतो.

युरोपियन युनियनच्या विमानतळावरून निघत असाल तर ४८ तास आधी कळवलं की विमानतळावरची मदत फुकट आणि व्हीलचेअरचं वेगळं भाडं नाही, हा २००६ च्या कायद्याने मिळालेला हक्क आहे, उपकार नाही. बुकिंगमध्ये कोड टाकतात तो तपासा : डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालता येत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत पूर्ण मदत लागते. चुकीचा कोड पडला की विमानाच्या शिडीखाली उभं राहून वाद घालायची वेळ येते.

चेअर त्यांच्या हातात द्यायच्या आधी उशी, जॉयस्टिक, जे जे सुटतं ते काढून केबिनमध्ये घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि घडी कशी घालायची, कुठे धरून उचलायचं हे मोठ्या अक्षरात लिहून चेअरला बांधा. माझ्या चेअरची फ्रेम एका प्रवासात वाकून आली होती, फोटो होते म्हणून भरपाई मिळाली. आणि चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, नसेल तर परदेशात नुसता प्लग बदलून भागणार नाही.

प्रश्न : एजंट सांगतो हॉटेल ‘फुल्ली अ‍ॅक्सेसिबल’ आहे. मागच्या वेळी असंच सांगितलं होतं आणि दारातच तीन पायऱ्या निघाल्या. खात्री कशी करायची?

मला विचाराल तर हा शब्दच सोडून द्या. अ‍ॅक्सेसिबल आहे का, व्हीलचेअर-फ्रेंडली आहे का, असं विचारलं की समोरचा हो म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याच्या डोळ्यांना तीन पायऱ्या दिसतच नाहीत कारण त्या त्याला कधी नडल्या नाहीत. मापं विचारा, आकडे विचारा. रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत पायऱ्या किती? प्रत्येकीची उंची किती? लिफ्ट तळमजल्यावरून सुरू होते की अर्धा जिना चढल्यावर? जुन्या शहरातल्या इमारतींत लिफ्ट नंतर जिन्याच्या मधल्या पोकळीत कोंबलेली असते, दरवाजा साठ सेंटिमीटरचा असू शकतो, आणि आत चेअर गेली तरी माणूस सोबत मावत नाही. बाथरूमचं दार किती सेंटिमीटर, आत उघडतं की बाहेर, आंघोळीला टब आहे की सपाट जमीन, कमोडच्या कुठल्या बाजूला जागा मोकळी आहे, पलंगाची उंची किती आणि त्याच्या खाली लिफ्टरचे (माणसाला उचलून पलंगावर ठेवायच्या यंत्राचे) पाय जातील एवढी पोकळी आहे का. आणि फोटो मागवा, दाराला मोजपट्टी लावलेला फोटो. जो हॉटेलवाला असा फोटो पाठवतो तिथे बुकिंग करा, जो ‘डोन्ट वरी’ म्हणतो तिथे करू नका.

पण त्याआधी स्वतःची चेअर मोजा! लोक हे करत नाहीत. रुंदी सीटची नाही, हाताने फिरवायच्या रिंगसकट सगळ्यात बाहेरची. लांबी फूटरेस्टवर पाय ठेवून. वजन, माणसासकट आणि माणसाविना. हे एका कागदावर लिहा आणि प्रत्येक ईमेलमध्ये चिकटवा.

‘रॅम्प आहे’ हे उत्तरही अपुरं आहे. ढोबळ नियम एकास बारा, म्हणजे १० सेंटिमीटर चढायला १२० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. दोन साध्या पायऱ्या म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर, त्याला चार मीटरच्या वर रॅम्प लागतो. दोन पायऱ्यांवर मीटरभराची फळी टाकून कोणी रॅम्प म्हणत असेल तर तिथे पाठीमागे पडायची भीती आहे.

प्रश्न : व्हेनिस. चारशेच्या वर पूल, जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. नाद सोडू का?

नका सोडू. पूल चढायचे नाहीत, बोटीने पलीकडे जायचं. तिथल्या सार्वजनिक बोटी, वापोरेत्तो म्हणतात, त्यांच्यावर चेअर चढते, १ आणि २ नंबरच्या बोटी ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांना थांबत जातात, म्हणजे बोट हाच तुमचा पूल. पालिकेने नकाशा काढलाय त्यात पूल न ओलांडता कुठले भाग फिरता येतात ते दाखवलंय, तो घेऊन बसा आणि एकेका थांब्याभोवतीचा तुकडा ठरवा. एकच करा, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या दिवसांत भरतीचं पाणी शहराच्या सखल भागांत शिरू शकतं, तेव्हा चालायला टाकलेल्या उंच फळ्यांवर चेअर चढत नाही, तो काळ टाळा. २००८ साली तिथे एक मोठा नवा पूल बांधला, एकविसाव्या शतकात, काचेच्या पायऱ्यांचा, चेअरचा विचारच नाही! नंतर बाजूने सरकणारी केबिन लावली, ती धड चालली नाही आणि २०२० मध्ये काढून टाकली. जुन्या लोकांनी पायऱ्या बांधल्या ते समजू शकते मी, याचं मात्र अजून वाईट वाटतं.

प्रश्न : मला हे पटत नाही की दोन-अडीच हजार वर्षांच्या वास्तूंना लिफ्ट आणि काँक्रीट लावावं. तुमच्याबद्दल आदर आहे, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला जाता आलंच पाहिजे का? वारसा जपणं जास्त महत्त्वाचं नाही का?

तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, मीही मोकळेपणाने सांगते.

अ‍ॅक्रोपोलिसच्या काँक्रीटच्या वाटांवरून ग्रीसमध्येही मोठा वाद झाला, पुरातत्त्ववाल्यांनीही टीका केली, आणि त्यातली काही टीका रास्त होती असं मलाही वाटतं, वाट जरा कमी रुंद आणि जास्त नाजूकपणे करता आली असती. पण तुम्ही म्हणताय ते वेगळं आहे. तुम्ही असं धरून चाललाय की मूळ वास्तूत पायऱ्याच होत्या आणि रॅम्प हे आजचं खूळ. अ‍ॅक्रोपोलिसचंच घ्या. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात प्रॉपिलिया, म्हणजे वरचं भव्य द्वार बांधलं, तेव्हा तिथपर्यंत चढून जायला पायऱ्या नसलेला चढाचा रस्ता होता, रॅम्प होता, बळीची जनावरंसुद्धा त्यावरूनच वर जायची. संगमरवरी पायऱ्या नंतर रोमन काळात आल्या.

ग्रीसमधल्याच एपिडॉरसचं तर याहून बोलकं आहे. ते अस्क्लेपिओसचं, आरोग्यदेवतेचं तीर्थ, तिथे लंगडणारे, कुबड्या घेतलेले, उचलून आणलेले लोक बरं व्हायला यायचे. २०२० साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात डेबी स्नीड या अभ्यासिकेचा लेख आला, त्यात तिने दाखवलं की तिथल्या नऊ इमारतींना मिळून अकरा दगडी रॅम्प होते, छोट्या इमारतींनासुद्धा, आणि साध्या देवळांत एवढे रॅम्प दिसत नाहीत, आजारी-अपंग लोक जिथे जास्त येत तिथे दिसतात. तिचं म्हणणं की ते अशा लोकांसाठीच बांधले असावेत. सगळ्यांना ते मान्य होईल असं नाही, पण रॅम्प आहेत, दगडाचे आहेत, आणि साधारण तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वीचे आहेत.

जपणूक आणि येणं-जाणं यांचं वैर नाही हे नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावाने फार सुंदर दाखवलंय. जुने गोल पाठीचे फरसबंदीचे दगड, चाकांना जीव नकोसा करणारे. त्यांनी ते फेकून डांबर ओतलं नाही. दगड काढले, मधून कापले, आणि कापलेली सपाट बाजू वर करून पुन्हा बसवले. तोच दगड, तोच रंग, तोच रस्ता. अपंगांसाठी चांगल्या सोयी करणाऱ्या शहराला मिळणारा २०१९ चा युरोपचा अ‍ॅक्सेस सिटी अवॉर्ड मिळाला त्यांना.

आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला जाता आलंच पाहिजे का? नाही, मी तसं म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंगांच्या हक्कांचा जो करार केला त्यातही कलम ३० मध्ये महत्त्वाच्या स्मारकांबद्दल ‘शक्य तितकं’ असेच शब्द आहेत. पण शक्य काय आहे हे इंजिनिअर, पुरातत्त्वज्ञ आणि आम्ही, असं एका टेबलाभोवती बसून ठरू दे. आधीच आम्हाला गेटबाहेर धरून ठरवू नका.

प्रश्न : पहिल्यांदाच व्हीलचेअरवर प्रवास करणार आहे, आत्मविश्वास कमी आहे. कुठलं जुनं शहर सोपं पडेल?

इंग्लंडमधलं चेस्टर. रोमन छावणीतून वाढलेलं शहर, भोवती जवळजवळ पूर्ण तटबंदी, तिच्या काही भागांवर रॅम्पने चढता येतं, आणि ‘रोज’ नावाच्या दुमजली मध्ययुगीन गॅलऱ्या आहेत, वरच्या मजल्यावर दुकानं, तिथेही चेअरने पोहोचायची सोय केलीय. ब्रेडाला मिळाला तोच युरोपियन पुरस्कार याला २०१७ साली मिळालेला आहे. स्पेनमधलं आविला हे तर २०११ चं, म्हणजे पहिल्याच वर्षीचं विजेतं, त्याच्या मध्ययुगीन तटाच्या एका भागावर चेअर घेऊन जाता येतं. अवशेष बघायचे तर ग्रीसमध्ये डेल्फीपेक्षा ऑलिंपिया आधी करा. डेल्फी डोंगराच्या उतारावर आहे, चढण फार. ऑलिंपिया सपाट मैदानात, झाडांची सावली, जिथे ऑलिंपिक सुरू झालं ती धावपट्टी बघता येते. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजला, म्हणजे त्या उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळाला, व्हिजिटर सेंटरपासून दगडांपर्यंत साधारण दोन-अडीच किलोमीटर अंतर आहे, पण शटल बसमध्ये चेअर चढते.

प्रश्न : मला पेट्रा आणि माचू पिचू दोन्ही बघायचेत, पण कोणी मला उचललेलं अजिबात आवडत नाही. घरचे म्हणतात चार माणसं लावू आणि नेऊ. मला ते सामान झाल्यासारखं वाटतं. मी हट्टी आहे का?

नाही गं, हट्टी नाहीस. कोणी हात लावायचा, कुठे लावायचा आणि कधी, हे तूच ठरवायचंस. बाकीचे लोक प्रेमाने करतात हे खरं, तरीही.

जॉर्डनमधलं पेट्रा त्या मानाने सोपं झालंय. पूर्वी घोडागाड्या होत्या, आता व्हिजिटर सेंटरपासून सीक या अरुंद घळीतून ट्रेझरीपर्यंत, म्हणजे कड्यात कोरलेल्या त्या प्रसिद्ध दर्शनी वास्तूपर्यंत, इलेक्ट्रिक गाड्या जातात. सीक जवळजवळ १.२ किलोमीटर, दोन्ही बाजूंना उंच लाल कडे, काही ठिकाणी ८० मीटरपर्यंत. गाडीत बसताना खुर्चीतून सीटवर जावं लागतं, ते तू एकटी करतेस की मदत लागते ते बघ, आणि चेअर सोबत येईल ना हे आधी पक्कं कर. जाताना उतार असतो म्हणून काही लोक चेअरनेच जातात आणि परत येताना दमछाक होते, त्या भरीला पडू नकोस. ट्रेझरीच्या पुढे थिएटरपर्यंत वाळू आणि खडी आहे, तिसरं चाक असेल तर थोडं जमेल. वरच्या मॉनेस्ट्री नावाच्या कोरीव वास्तूला आठशेच्या आसपास पायऱ्या, तिकडचा विचार नको.

पेरूमधलं माचू पिचू वेगळं. तिथे पायऱ्याच पायऱ्या, नेहमीची चेअर चालत नाही. पण ‘जोलेट’ नावाची एका चाकाची खुर्ची असते, फ्रान्समध्ये तयार झालेली, पुढे एक आणि मागे एक माणूस दांड्या धरून चालवतो, तू बेल्ट लावून आपल्या जागेवर बसलेली असतेस, अंगाला कोणी हात लावत नाही. चिलीमध्ये सुरू झालेली ‘व्हील द वर्ल्ड’ ही संस्था, जिच्या संस्थापकांपैकी एक जण स्वतः व्हीलचेअर वापरतो, तिने अशा खुर्चीतून माचू पिचूच्या सहली सुरू केल्या. तुला हे उचलण्यासारखंच वाटेल का? काहींना वाटतं, काहींना नाही. म्हणून आधी जवळपासच्या एखाद्या टेकडीवर अशा खुर्चीत बसून बघ, थांबा म्हटल्यावर ते लगेच थांबतात का ते बघ. नाही आवडलं तर माचू पिचू नाही, एवढंच, त्याने तुझं काही कमी होत नाही. आणि माचू पिचूला जाताना लागणारं कुस्को शहर ३,४०० मीटरच्या आसपास आहे, माचू पिचू त्याहून बरंच खाली, २,४३० मीटरवर, तेव्हा श्वासाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांशी कुस्कोबद्दल बोल.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण टॉयलेटचं काय करायचं? या भीतीने मी दिवसभर पाणीच पीत नाही.

संकोच नको, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. पण पाणी बंद करू नका हो, त्याने इन्फेक्शन होतं आणि उन्हात चक्कर येते. मोठ्या अवशेषांच्या जागी चेअरचं टॉयलेट असलं तर बहुतेक वेळा फक्त गेटजवळ असतं, म्हणून आत जातानाच एकदा जाऊन या आणि मध्ये परत यायला किती वेळ लागेल ते विचारून ठेवा. ‘व्हीलमॅप’ नावाचा नकाशा आहे, बर्लिनहून २०१० मध्ये सुरू झाला, लोकच त्यात भर घालतात, जागा हिरवी-पिवळी-लाल अशी दाखवतो, टॉयलेटही दिसतात. ब्रिटनमध्ये ‘रडार’ची चावी मिळते, एकाच चावीने देशभरातली हजारो कुलूपबंद अपंग-टॉयलेटं उघडतात. जर्मनी आणि आजूबाजूच्या देशांत तशीच ‘युरो-की’ असते. म्युझियम हा नेहमीच चांगला आसरा, अवशेषांना लागून म्युझियम असेल तर दिवसाची आखणी त्याच्याभोवती करा.

प्रश्न : मी मुलगा आहे, वडिलांची चेअर मीच ढकलणार. मला काही शिकून घ्यायला हवं का?

हो, आणि निघायच्या आधी, तिथे जाऊन नाही. फुटपाथ चढताना चेअर जरा मागे कलवून पुढची चाकं आधी वर, मग मागची. उतरताना उलटं फिरून, तुमची पाठ उताराकडे, मागची मोठी चाकं आधी खाली. जोराच्या उतारावरही उलटंच उतरायचं, म्हणजे बाबा पुढे घसरत नाहीत. दगडी रस्त्यावर चेअर मागे कलवून फक्त मोठ्या चाकांवर न्या, मागे पडू न देणारी छोटी चाकं लावलेली असतील तर त्यासाठी ती वर फिरवून घ्यावी लागतात आणि नंतर आठवणीने परत खाली करायची. जरा जरी थांबलात तरी दोन्ही ब्रेक, सपाट दिसलं तरी. कलवायच्या आधी, वळायच्या आधी, प्रत्येक वेळी बाबांना सांगा की आता मागे घेतोय. आणि गाइड बोलत असेल तेव्हा चेअर अशी उभी करा की बाबांचं तोंड खांबांकडे असेल, गर्दीच्या पाठींकडे नाही, आणि मग तुम्ही खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकदा बघा, मध्ये काही येतंय का.